प्लेट टाकली नाही, तर उपचार अपुरे राहतील का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: माझी मुलगी पाच वर्षांची आहे. झोपाळ्यावरून ती तोंडावर आपटली आणि हनुवटीखाली खोक पडली. टाके घातले, डोक्याला मार नाही असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. तीन दिवसांनी लक्षात आलं की ती काहीच चावून खात नाही आणि तोंड उघडताना तिची हनुवटी उजवीकडे सरकते. सीटी स्कॅनमध्ये खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलेला निघाला: उजव्या कानापुढच्या सांध्यापाशी आणि पुढे, हनुवटीच्या डाव्या बाजूला. पुढचं हाड थोडं सरकलं आहे. एक सर्जन म्हणतात, सांध्याला हात लावायचा नाही. पुढच्या भागासाठी भूल देऊन स्प्लिंट (दातांवर चढवायची टोपी) बसवू, दोन-तीन आठवड्यांत काढू आणि तोंडाची हालचाल लवकर सुरू करू. दुसऱ्यांच्या मते पुढे प्लेट टाकलेली बरी. माझ्या दिरांचा जबडा अपघातात मोडला होता तेव्हा प्लेटा टाकून वर दातही तारेनं बांधले होते. त्यामुळे घरच्यांचं म्हणणं असं की एवढ्या लहान मुलीसाठी तर आणखी पक्कं काम हवं. सासूबाई विचारतात, मोडलेलं हाड हलवायचं कसं? ऑपरेशन टाळून आम्ही तिचं कायमचं नुकसान करतोय का? तीन दिवस माझ्या लक्षात आलं नाही, हेही मनातून जात नाही. आणि डॉक्टर पुन्हापुन्हा ‘कशी पडली, जवळ कोण होतं’ असं विचारत होते, ते फार लागलं.

प्रिय ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं, कारण या प्रश्नात थांबायला वेळ नसतो. लहान मुलांचं हाड इतक्या झपाट्यानं जुळायला लागतं की आठवड्याभरात सरकलेले तुकडे चिकटू लागतात आणि मग ते जागेवर आणणं अवघड होऊन बसतं. म्हणून तिसरं, चौथं मत घेत फिरू नका, दोघांपैकी एकाशी नीट बसून बोला आणि ठरवा, एवढंच तेव्हा लिहिलं होतं. आता सविस्तर लिहिते. अशीच वेळ आलेल्या इतर आईवडिलांनाही याचा उपयोग व्हावा.

आधी त्या तीन दिवसांबद्दल. हनुवटीवर पडलेल्या मुलाची खोक सगळ्यांना दिसते. रक्त तिथून येत असतं, टाके तिथे पडतात, आणि टाके पडले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण खालचा जबडा दोन्ही टोकांना कानापुढच्या सांध्यात अडकवलेला असतो. हनुवटीवर बसलेला धक्का हाडातून थेट वर जातो आणि सांध्याखालची बारीक मान मोडते. तुमच्या मुलीची मोड तर नेहमीच्या जोडीतली आहे: पुढे एका बाजूला आणि सांध्यापाशी दुसऱ्या बाजूला. पाच वर्षांच्या मुलीला ‘कानापुढे दुखतंय’ असं बोट ठेवून सांगता येत नाही, ती फक्त खाणं सोडते. तेच तुम्ही टिपलंत, हनुवटी सरकते हेही टिपलंत आणि तिला पुन्हा घेऊन गेलात. स्कॅन झाला तो त्यामुळेच.

इतर पालकांनी मात्र हे लक्षात ठेवावं. हनुवटीखाली खोक पडली असेल तर टाके घालणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी सांगावं की जबड्याचे सांधेही तपासा. घरी बघायच्या खुणा साध्या आहेत. दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का? तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला ओढली जाते का? (ती बहुधा मोडलेल्या बाजूकडे जाते, तुमच्या मुलीची उजवीकडे गेली तशी.) जिभेखाली काळंनिळं झालंय का? लाळ गळते का, खालचा ओठ बधिर वाटतो का, कानातून रक्त आलंय का? कानातलं रक्त पाहून सगळे डोक्याला मार लागला म्हणून घाबरतात. ती तपासणी व्हायलाच हवी, पण सांध्याच्या फ्रॅक्चरमध्ये कानाची पुढची भिंत फाटूनही रक्त येतं. पडल्यावर उलट्या, गुंगी, मानेत दुखणं यांपैकी काही असेल तर जबडा नंतर, आधी डोकं आणि मान. दात पडला असेल आणि सापडत नसेल तर तेही सांगायला हवं, कारण तो श्वासनलिकेत गेला नाही ना हे एक्स-रे काढून पाहावं लागतं.

डॉक्टरांच्या प्रश्नांचं तुम्हाला वाईट वाटलं, ते समजू शकते. पण लहान मुलाचं हाड लवचीक असतं आणि सहजी मोडत नाही. त्यामुळे ते मोडलं की ‘कसं’ हा प्रश्न प्रत्येक पालकाला विचारला जातो, विचारलाच पाहिजे. एखाद्या मुलाच्या बाबतीत सांगितलेली हकीकत आणि जखम जुळत नाही, आणि मग त्या मुलाला वाचवणारं दुसरं कुणी नसतं. तुम्ही सरळ उत्तरं दिलीत, तो विषय तिथे संपला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. घरातल्या सगळ्या चर्चेखाली एक गृहीत आहे: दिरांना जे केलं ते पूर्ण उपचार, आणि मुलीला त्याहून कमी केलं तर ती हयगय. मला वाटतं गाडं इथेच अडलंय. पाच वर्षांच्या मुलीचा जबडा म्हणजे दिरांच्या जबड्याची छोटी आवृत्ती नव्हे. आतून ती वेगळीच रचना असते.

तुमच्याकडे सीटी स्कॅन आहे. पुढच्या भेटीत सर्जनना त्यातलं समोरून दिसणारं चित्र पडद्यावर लावायला सांगा आणि घरच्यांपैकी एकाला सोबत न्या. वर दुधाच्या दातांची रांग दिसेल. तिच्या खाली, हाडाच्या आत, दुसरी रांग दिसेल: कायमच्या दातांची. काहींचे नुसते शेंडे तयार झालेले, मुळांचा पत्ता नाही. पुढचे कायमचे दात वर्षा-दोन वर्षांत वर येण्याच्या बेतात असतात, तर खालचा सुळा जबड्याच्या खालच्या काठाजवळ खोलवर बसलेला असतो आणि तो नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास बाहेर येतो. मोठ्या माणसाच्या हनुवटीत जिथे घट्ट हाड असतं, तिथे या वयात दातांचे कोंब दाटीवाटीनं भरलेले असतात. प्लेट बसवायची म्हणजे स्क्रू मारायचे. तो स्क्रू कुठे जाणार, हा प्रश्न दिरांच्या वेळी कुणालाच पडला नव्हता, कारण त्यांच्या जबड्यात कोंबच नव्हते.

दुसरा फरक जुळण्याच्या वेगाचा. मुलांच्या हाडाभोवतीचं आवरण जाड असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो. ओली काडी वाकवली की एका बाजूनं चिरते पण तुटून वेगळी होत नाही, तसं हे हाड पुष्कळदा अर्धवटच मोडतं आणि आवरणानं धरून ठेवलेलं असतं. मोठ्यांना चार ते सहा आठवडे लागतात तिथे लहान मुलांचं दोन-तीन आठवड्यांत पक्कं होतं. शिवाय दुधाचे दात पडून नवे येणार आहेत, हाड वाढणार आहे, त्यामुळे किरकोळ फरक पुढे बराचसा भरून निघतो. मोठ्यांना हा दुसरा डाव मिळत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत पहिल्याच फटक्यात सगळं तंतोतंत बसवावं लागतं.

म्हणजे प्लेट सुचवणारे सर्जन चुकले का? तसं मी म्हणणार नाही. तुकडे बरेच सरकले असतील, स्प्लिंटनं ते जागेवर येत नसतील, किंवा जबडा अनेक ठिकाणी मोडला असेल, तर मुलांमध्येही प्लेट टाकावी लागते. तेव्हा ती अगदी खालच्या काठावर, आखूड स्क्रू वापरून बाहेरच्या पातळ थरापुरती बसवतात, म्हणजे कोंब वाचतात. टायटॅनियमची प्लेट वाढत्या जबड्यात ठेवू नये म्हणून काही महिन्यांनी काढण्याचा सल्ला बहुतेक जण देतात. म्हणजे दुसऱ्यांदा भूल. शरीरात विरघळणाऱ्या प्लेटाही असतात. त्या काढाव्या लागत नाहीत, पण त्या जाड असतात, धातूइतक्या मजबूत नसतात आणि स्क्रूसाठी भोकं तर पाडावीच लागतात. तेव्हा प्लेट हा ‘जास्त चांगला’ उपचार नव्हे. गरज असली तर योग्य, नसली तर विनाकारण जोखीम. तुमच्या मुलीची गरज किती, हे मी स्कॅन न बघता सांगू शकत नाही. पण तुम्ही ‘थोडं सरकलंय’ असं लिहिलंय आणि ते शब्द सर्जनचे असतील, तर स्प्लिंटची योजना मला मनापासून पटते.

ती का, हे सांगण्यासाठी स्प्लिंट म्हणजे काय ते जरा जवळून बघू. दुधाच्या दातांना तारा बांधणं कठीण जातं. ते बुटके आणि खाली रुंद, वर निमुळते असतात, तार घसरते. शिवाय साधारण सहाव्या वर्षापासून मुळं झिजून दात हलू लागतात. म्हणून आधी दातांचं माप घेतात, त्यावरून प्लॅस्टरचा साचा करतात, आणि जिथे जबडा मोडलाय तिथे तो साचा करवतीनं कापतात. मग ते दोन तुकडे वरच्या दातांच्या साच्याशी जुळवून पुन्हा जोडतात. वरखालचे दात मुळात कसे भिडत होते हे त्यांच्या झिजलेल्या पृष्ठभागांवरून कळतं. या दुरुस्त साच्यावर अॅक्रिलिकची टोपी बनवतात. भूल दिल्यावर हाडाचे तुकडे हातानं जागेवर आणायचे, खालच्या दातांवर ती टोपी चढवायची, आणि हनुवटीखाली सुईएवढ्या भोकांतून बारीक तार जबड्याच्या खालच्या काठाला वळसा घालून वर आणून टोपीवर आवळायची. हाडात कुठेही स्क्रू नाही. कोंबांना धक्का नाही. दोन-तीन आठवड्यांनी तार कापली की टोपी निघते.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही की टोपी फक्त खालच्या जबड्यावर असते. वरचे आणि खालचे दात एकमेकांना बांधलेले नसतात. म्हणजे पुढची मोड घट्ट धरलेली राहते आणि तरीही मुलगी तोंड उघडू शकते. तुमच्या मुलीच्या दोन फ्रॅक्चरना दोन उलट गोष्टी हव्या आहेत: पुढच्याला स्थिरता आणि सांध्याला हालचाल. पहिल्या सर्जनची योजना दोन्ही देते.

आता सासूबाईंचा प्रश्न: मोडलेलं हाड हलवायचं कसं? हातापायाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं अनुभवाला धरून आहे, म्हणून त्यांना उडवून लावू नका, समजावून सांगा. जबड्याच्या सांध्याचं लहानपणी वेगळं असतं. सांध्यातलं हाडाचं टोक लहान मुलांत रक्तानं भरलेलं, मऊ असतं. मार बसला की सांध्यात रक्त साचतं. त्या रक्तासकट सांधा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवला, तर तिथे नवं हाड धरतं आणि जबडा कवटीला जखडतो. मग तोंडच उघडत नाही. असं मूल नीट जेवू शकत नाही, त्याचे दात घासता येत नाहीत, जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे किंवा एका बाजूला राहते, आणि झोपेत श्वासाला अडथळा होऊ शकतो. त्यावरची शस्त्रक्रिया मोठी आणि अवघड असते, आणि नंतर दीर्घकाळ व्यायाम करावे लागतात. हे सगळ्यांना होत नाही, पण जितकं लहान मूल आणि जितका काळ बंद तोंड, तितका धोका जास्त. सांध्याचं फ्रॅक्चर असूनही दात व्यवस्थित बसत असतील तर पुष्कळ मुलांना मऊ खाणं, वेदनाशामक आणि हालचाल एवढंच लागतं. दात बसत नसतील तर थोडे दिवस, साधारण आठवडा ते दहा दिवस, वरखालचे दात तारेनं किंवा रबरांनी धरतात आणि लगेच सोडतात. महिनाभर बांधून ठेवणं हे पाच वर्षांच्या मुलीसाठी जास्त सुरक्षित नाही, उलट आहे.

सांध्याची शस्त्रक्रिया मुलांना कधीच लागत नाही असंही नाही. मोडलेलं टोक कवटीत घुसलं असेल, सांध्यात बाहेरची वस्तू शिरली असेल, किंवा तुकडा असा अडकला असेल की दात बसवताच येत नाहीत, तर सर्जनना सांधा उघडावा लागतो. पण हे अपवाद. या वयात वाकडं जुळलेलं टोकही वापरानं पुन्हा आकार घेतं, आणि हा गुण मूल जितकं लहान तितका जास्त असतो. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर तो बराच ओसरतो, कायमचे दातही आलेले असतात, त्यामुळे किशोरवयीन मुलांवरचे उपचार मोठ्यांच्या जवळ जातात. म्हणून दुसऱ्या कुणाच्या मुलाला काय केलं याची तुलना करताना आधी त्याचं वय विचारा.

भेटीत विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. पुढचे तुकडे किती सरकलेत, आणि ते चीर देऊन हाड न उघडता जागेवर येतील असं का वाटतं? मोडीच्या रेषेत कायमच्या दाताचा कोंब आहे का? (असला तरी तो सहसा काढत नाहीत, तो उशिरा किंवा थोडा वेडावाकडा येऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवतात.) हाड सांध्याच्या आत मोडलंय की खाली मानेपाशी? तोंडाचे व्यायाम नेमके कोणत्या दिवशी सुरू करायचे? आणि प्लेटच टाकायची असेल तर स्क्रू कुठे बसणार, हे स्कॅनवर दाखवाल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या सर्जनकडून अवश्य घ्या. त्यांचं कारण ठोस असेल तर माझं मत बाजूला ठेवा.

घरच्या काळजीत सर्वांत जड जाईल ते खाणं. पहिले दिवस पातळ, मग न चावता गिळता येईल असं मऊ. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. कणीदार, कडक, चिकट काही नको. ती पाणी पुरेसं पिते का हे लघवीवरून कळेल. गिळायला दुखतं म्हणून मुलं पाणीही टाळतात. दुखण्याचं औषध वजनानुसार डॉक्टरांनी ठरवलेलंच द्या, आणि सुरुवातीचे दिवस खाण्याच्या थोडं आधी द्या म्हणजे घास जातो. अॅस्पिरिन मुलांना देऊ नका. टोपीच्या कडेला अन्न साचून हिरड्या सुजतात, तेव्हा प्रत्येक खाण्यानंतर मऊ ब्रश आणि सुई काढलेल्या सिरिंजनं पाण्याची हलकी धार. ताप, वाढती सूज, तोंडाला दुर्गंधी, टोपी सैल झाली किंवा दात अचानक वेगळे बसू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

व्यायामाला सर्जननी परवानगी दिली की तो आरशासमोर करून घ्या. तिच्या खालच्या पुढच्या दोन दातांच्या मधली रेषा आरशावर लावलेल्या सरळ पट्टीशी जुळवून तिनं तोंड उघडायचं. हनुवटी उजवीकडे जायला लागली की थांबायचं, मध्यावर आणायचं, पुन्हा उघडायचं. लहान लहान बैठका, दिवसातून अनेकदा, आणि जबरदस्ती नाही. प्रगती मोजायला तिचीच बोटं वापरा: तीन बोटं एकावर एक धरून वरखालच्या दातांमध्ये उभी मावली की उघडणं चांगलं आहे. हे मोजमाप वहीत तारखेसह लिहा. दिवसेंदिवस वाढायला हवं. वाढून पुन्हा घटायला लागलं तर लगेच दाखवा, कारण सांधा आखडण्याची सुरुवात अशीच कळते. धावणं, उड्या, झोपाळा काही आठवडे बंद ठेवावा लागेल, आणि शाळेतल्या बाईंना कारणासकट सांगून ठेवा.

एका गोष्टीबद्दल मला ऑपरेशनपेक्षा जास्त काळजी वाटते. टोपी निघेल, मुलगी जेवायला लागेल, सगळे सुटकेचा श्वास सोडतील आणि पुढच्या तपासण्या सुटतील. जबड्याच्या वाढीत सांध्याच्या टोकाचा मोठा वाटा असतो. तिथली मोड नीट भरली तरी पुढे वर्षा-दोन वर्षांत किंवा वयात येताना, जेव्हा जबडा झपाट्यानं वाढतो, तेव्हा एक बाजू मागे पडू शकते. ते वेळेत दिसलं तर वाढीला वळण देणारी काढता-घालता येणारी उपकरणं वापरता येतात; उशिरा दिसलं तर पर्याय कमी होतात. म्हणून पहिल्या वर्षात सर्जन सांगतील तितक्या वेळा, आणि नंतर वर्षातून एकदा, वाढ पूर्ण होईपर्यंत दाखवत राहा. दर सहा महिन्यांनी तिचे समोरून दोन फोटो काढा, तोंड मिटून एक आणि पूर्ण उघडून एक, एकाच अंतरावरून. रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना हळूहळू पडणारा फरक दिसत नाही, फोटोत दिसतो. शाळा बदलली, दंतवैद्य बदलले, तरी सीटी स्कॅनची सीडी आणि कागद सोबत राहू देत. बारा वर्षांच्या मुलीच्या दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांना पाचव्या वर्षी काय झालं होतं हे कळायला हवं.

आणि भूल देण्याआधी मुलीशी बोला. ‘काही नाही होणार’ असं सांगू नका. झोपेचं औषध मिळेल, जाग आल्यावर दातांवर टोपी असेल, ती आधी विचित्र लागेल, बोलताना शब्द बोबडे येतील, आणि नंतर ती काढणार आहेत, असं खरं खरं सांगा. तिला टोपीचा रंग निवडता येईल का, हेही सर्जनना विचारून बघा. अॅक्रिलिक रंगीत मिळतं.